गोल चष्म्यांची टोळी

१२ फेब्रुवारी

परमपूज्य आत्यांच्या सेवेशी,

आपण मला ओळखणार नाही. मी आपल्या धाकट्या भावाची मुलगी. आपण मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी म्हणे दुकानातल्या टेबलाखाली बसून खडू खात होते. आता मी वीस वर्षांची आहे आणि खडू सोडला आहे.

हे पत्र मी टाकाने लिहिते आहे. कागद जुना वाटेल, पण तो परवाच आणलाय. चहात भिजवून, पंख्याखाली वाळवून, कडा मेणबत्तीवर जरा जाळून त्याला वय आणलं आहे. पाकिटावर लाल मेणाचा शिक्काही आहे. आईने तो पाहून विचारलं, "कुठे कापलंबिपलं का गं?"

कारण सांगते. इंटरनेटवर आमची एक मंडळी आहे. डार्क अकॅडेमिया म्हणतात त्या जगाला. तपकिरी लोकरी कोट, गोल चष्मे, जाडजूड अभिजात कादंबऱ्या, दगडी महाविद्यालयांचे जिने, खिडकीबाहेर धुकं, टेबलावर मेणबत्ती आणि तिच्या उजेडात वाचत बसलेलं कोणीतरी, जरासं उदास. असे फोटो आम्ही काढतो आणि एकमेकांना दाखवतो. तिथे माझं नाव ‘जुनी शाई’ आहे आणि मला बऱ्यापैकी मान आहे. या महिन्यात मंडळीने ठरवलंय की प्रत्येकाने एका खऱ्या माणसाला हाताने लिहिलेलं खरं पत्र पाठवायचं. माणूस दूरचा हवा आणि शक्यतो विद्वान.

माझ्या ओळखीत विद्वान कोणी नाही. आईला विचारलं तर तिने बाबा बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि मग आपला पत्ता दिला. मला आत्या आहे एवढंच माहीत होतं. ती एका जुन्या विद्यापीठात साहित्य शिकवते हे मला आत्ता कळतंय. बाबांसमोर आपला विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेतात, आणि चष्म्याच्या दुकानात पुसायला चष्मे कमी नसतात.

मी स्वतःही साहित्याचीच विद्यार्थिनी आहे. आमचं महाविद्यालय फार जुनं आहे. जिन्यावर वेल चढला आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते. शक्यतो टाकाने लिहावं, म्हणजे फोटो चांगला येईल.

आपली नम्र,
जुनी शाई


२ मार्च

आत्या,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्याही बॉलपेनने. आईला वाचून दाखवलं:

"चहा माणसाला पाजावा, कागदाला नाही. आत्याला कोणी ‘आपण’ म्हणत नाही. मी त्याच गावात वाढले, तिथे वेल चढलेल्या जिन्याचं महाविद्यालय नाही. आणि तू सध्या काय वाचतेस ते लिहायला विसरलीस."

आई इतकी हसली की तिला बसावं लागलं. मला मात्र राग आला. दोन दिवस मी ठरवून उत्तर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, एवढ्या लांबून जिने मला पकडलं, तिच्यापुढे आता सोंग कशाला. म्हणून आता बॉलपेनने लिहिते. आणि ‘तू’ म्हणते.

तो वेल आमच्या शेजारच्या दातांच्या दवाखान्याच्या जिन्यावर आहे आणि प्लास्टिकचा आहे. मी महाविद्यालयात जात नाही. बारावीनंतर चष्मे बनवायचा वर्षभराचा कोर्स केला आणि आता बाबांबरोबर दुकानात बसते. काचा घासते, फ्रेममध्ये बसवते, लहान मुलांच्या कानामागे फ्रेम टोचते का ते बघते. काम मला आवडतं. पण काचा घासणाऱ्या मुलीचा फोटो कोण बघणार? म्हणून संध्याकाळी मागच्या खोलीत आजोबांचा जुना कोट चढवते, चष्म्यांचे रिकामे डबे पुस्तकांसारखे उभे करते, त्यांच्यापुढे खरी पुस्तकं लावते आणि उदास होते.

मी काय वाचते? सात अभिजात कादंबऱ्यांची पहिली पानं मला पाठ आहेत. ती फोटोत दिसतात ना, म्हणून.

गोल चष्म्यांचं सांगायचं राहिलं. आजोबांनी कधीतरी पेट्या भरभरून गोल फ्रेमा आणून ठेवल्या होत्या आणि लगेच गोल चष्म्यांची रीत गेली. मी त्यातली एक घालून फोटो टाकला, तर मंडळी वेडीच झाली. फ्रेम कुठली असं विचारलं तेव्हा मी दुकानाचा पत्ता दिला, पण ते आमचं आहे हे सांगितलं नाही. गेल्या महिन्यापासून लोक शोधत शोधत दुकानात येतात. बाबांना काही उमजत नाही. काल एक मुलगा आला. बाबांनी विचारलं, "नंबर किती?"

"नंबर नाही काका. नुसता चष्मा हवाय."

"नजर चांगली आहे आणि चष्मा पाहिजे? पाय चांगले असते तर कुबडी मागितली असतीस का?"

"छान लाकडी असती तर घेतली असती," तो म्हणाला.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी त्याच्या नाकावर फ्रेम अशी नीट बसवून दिली, की जणू त्याची दृष्टी तिच्यावरच अवलंबून आहे.

तुझी भाची


२८ मार्च

प्रिय आत्या,

तू सुचवलेली कादंबरी मिळाली. गावच्या वाचनालयात होती. तिच्यावर धूळ एवढी होती की आमच्या मंडळीतल्या कोणीही ती पुसू दिली नसती. "पहिलं पान सोड, दुसऱ्यापासून सुरू कर, तुझी पहिली पानं पुरे झाली," असं तू लिहिलंस, तसंच केलं. चाळीसाव्या पानाला पुन्हा मागे जाऊन पहिलं वाचावं लागलं, कारण तो पूल बांधणारा म्हातारा आपल्या दोन मुलींशी बोलत का नाही हे तिथेच सांगितलंय. तू मुद्दाम केलंस ना हे?

आता ऐक. रविवारी मंडळीतले आम्ही या भागातले पहिल्यांदा समोरासमोर भेटलो.

वाचनालयाच्या वाचनकक्षात भेटायचं ठरलं होतं. उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं आणि आम्ही अकरा जण लोकरी कोटात. पंखा बंद होता. ग्रंथपालबाईंनी आम्हाला रांगेने आत येताना पाहिलं आणि विचारलं, "कोणी गेलं का?"

मला सगळ्यात जास्त धास्ती ‘मेणबत्ती’ आणि ‘प्राध्यापक’ या दोघांची होती. ‘मेणबत्ती’चे फोटो पाहून मला वाटायचं, हा एखाद्या मठासारख्या वसतिगृहात राहतो. ‘प्राध्यापक’ तर असं लिहायची की मी तिला उत्तर देण्याआधी शब्दकोश उघडायचे. माझं बिंग फुटणार याची मला खात्री होती. म्हणून मी कोपऱ्यात गप्प बसले. तेही गप्प. सगळेच गप्प. घाम तेवढा वाहत होता.

शेवटी ‘प्राध्यापक’ने कोट काढला. आत बेकरीचा गणवेश होता. ती म्हणाली, "मला चारला कामावर जायचंय. केकवर नावं लिहिते मी. आता कोणी हसायचं तर हसून घ्या."

कोणी हसलं नाही. ‘मेणबत्ती’ म्हणाला, "मी मोबाइल दुरुस्त करतो. आणि घरमालकीण आग लावू देत नाही, म्हणून माझी मेणबत्ती बॅटरीवर चालते."

मग हसलो. आत्या, इतकं हसलो की ग्रंथपालबाई उठून आल्या. अकरा जणांत दगडी जिन्याच्या महाविद्यालयात जाणारं एकही नव्हतं. एक जण बँकेत, एक रुग्णालयात, दोघी कुठेच नाहीत, घरी. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे खरे आणि आपण तेवढे घुसखोर.

पण मग प्रश्न आला की आता करायचं काय. फोटो काढून झाले, कोट काढून झाले. माझ्या पिशवीत तुझी कादंबरी होती. मी म्हटलं, "वाचू या का? म्हणजे खरोखर." त्यावर ‘मेणबत्ती’ने विचारलं, "मोठ्याने?" मी वाचायला लागले. तिसऱ्या पानाला ग्रंथपालबाईंनी भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवलं आणि आम्हाला बाहेर काढलं. वाचनालयातून वाचल्याबद्दल हाकलले गेलेले आम्ही पहिलेच असू.

मग मी सगळ्यांना दुकानात घेऊन आले. रविवारी दुकान बंद असतं, पण बाबा आत काचांची कपाटं आवरत बसतात. त्यांनी दार उघडलं, अकरा तपकिरी कोट हातावर घेतलेली घामेजलेली माणसं पाहिली आणि म्हणाले, "ही तुझी टोळी? बसा. आरशांना हात लावू नका." आणि पाठ करून परत कपाटाशी बसले.

आम्ही खाली चटईवर बसून पन्नास पानं वाचली. ‘प्राध्यापक’ कामावर जायला उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "एवढा परिच्छेद होऊ दे."

तुझी भाची

ता.क. बाबांना मी तुला लिहिते हे अजून माहीत नाही. आई म्हणते, सांगू सावकाश.


२० एप्रिल

प्रिय आत्या,

बाबांना कळलं. कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे तू घाबरणार नाहीस.

दर रविवारी टोळी येते. आता वाचायला पाळ्या लावल्यात. ‘मेणबत्ती’ म्हाताऱ्याचे संवाद म्हणतो, ‘प्राध्यापक’ धाकट्या मुलीचे. बाबा पाठ करून कपाट आवरत असतात. तीन रविवार ते एकच कपाट आवरत होते. पुस्तक दुकानातच ठेवतो आम्ही. परवा मी उघडलं, तर आमच्या खुणेच्या पुढे साठ पानांवर काच पुसायचा एक पिवळा फडका घालून ठेवलेला.

मी पुस्तक होतं तसं मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फडका आणखी पुढे गेलेला.

त्या दिवशी दुपारी एक आजीबाई चष्मा घ्यायला आल्या होत्या. बाबा त्यांच्या कानामागे काडी वाकवत होते आणि मी मागे काच घासत होते. बाबा एकदम म्हणाले, "तो काका महानालायक आहे."

आजीबाई म्हणाल्या, "कोण? आमचे?"

"नाही हो. पुलाचे पैसे खाल्लेला. पुस्तकातला. तुमचे चांगले आहेत."

मग त्यांना उमगलं की मी ऐकलंय. आजीबाई गेल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे पुस्तक तुला कोणी सांगितलं?"

मी खोटं बोलू शकले असते. वाचनालयाचं नाव घेता आलं असतं. पण तोंडातून ‘आत्या’च निघालं.

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी वाट बघत राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी दुकान बंद करताना शटर ओढता ओढता म्हणाले, "तिला लिही. म्हणावं, दोनशे अकराव्या पानावर तो काका रडतो ते पटत नाही. असा माणूस रडत नसतो. लेखकाला माणसं कळत नाहीत."

एवढंच. आत्या, तो तुझ्यासाठी निरोप आहे, म्हणून जसाच्या तसा पाठवते. आई म्हणाली की इतक्या वर्षांत तुम्हा दोघांमध्ये गेलेलं हे पहिलं वाक्य.

आईने मला बाकीचंही सांगितलं. बाबांना इतिहास शिकायला प्रवेश मिळाला होता, आजोबांचे हात थरथरायला लागले, दोघांपैकी एकाने दुकानात बसायला हवं होतं आणि तू आधीच गेलेली होतीस. तू आली नाहीस म्हणून ते थांबले. नंतर तू त्यांना पुस्तकांचा खोका पाठवलास आणि त्यांनी तो परत केला. मग तू स्वतः आलीस आणि दुकानात भांडण झालं. तेव्हाच मी खडू खात होते म्हणे.

मी कोणाची बाजू घेत नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, भांडणाच्या वेळी तर तोंड भरलेलं होतं. फक्त त्या काकाचं काय ते कळव.

तुझी भाची


६ मे

प्रिय आत्या,

तुझं पाकीट आलं. माझ्या नावाचं, आत दुसरं पाकीट बाबांच्या नावाचं. मी ते फोडलं नाही, पण बाबांनी ते गल्ल्याशी उभ्याने वाचलं आणि ते एवढे पुटपुटत होते की निम्मं मला कळलं. "म्हणे रडणं आणि पश्चात्ताप यात फरक असतो. हे शिकवायला विद्यापीठ लागतं होय." मग कागद पालटून पाठीमागेच उत्तर लिहायला बसले. आईने जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतः आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट झाकून परत गेली.

आता हे असंच चाललंय. तुमची पत्रं माझ्या पत्रांपेक्षा जाड झाली आहेत. बाबा रविवारी टोळीसमोर ती मिरवतात: "प्रोफेसरीणबाई म्हणतात की पूल कोसळला तो पुरामुळे. मी म्हणतो, पाया कच्चा होता. काय वाटतं तुम्हाला?" टोळी दोन गटांत फुटली आहे. ‘प्राध्यापक’ तुझ्या बाजूने आहे. ‘मेणबत्ती’ बाबांच्या बाजूने, कारण बाबांनी त्याचे डोळे तपासले आणि त्याला खरोखरच चष्मा लागतो असं निघालं. आता तो सगळ्यांत मिरवतो की गोल चष्मा नंबरसकट असलेला मी एकटाच.

फोटो आम्ही अजून काढतो. पण एक गंमत झाली. परवा ‘प्राध्यापक’ने खिडकीशी वाचत बसल्याचा माझा फोटो काढला आणि मला तो काढल्याचं कळलंच नाही. फोटोत माझं तोंड उघडं आहे, केस विस्कटलेत, अंगात दुकानाचा एप्रन आहे. तिने तो तसाच टाकला. इतकी दाद मला कोटातल्या एकाही फोटोला मिळाली नव्हती.

कादंबरी संपली. शेवट मला अजिबात आवडला नाही. धाकटी मुलगी पुलावर उभी राहते आणि ना इकडे जाते ना तिकडे. मी दोन दिवस फणफणत होते. तू म्हणालीस, का आवडला नाही ते लिहून काढ. लिहिलं. बारा पानं झाली. सोबत पाठवते. यात शुद्धलेखनाच्या चुका असतील, पण राग अगदी शुद्ध आहे.

तुझी भाची


२४ मे

आत्या,

तुझं पत्र मी बारा वेळा वाचलं असेल. माझी बारा पानं तू विभागात दाखवशील हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर लेखकाला गाढव म्हटलं नसतं. आणि तुमच्याकडे प्रवेश अशा निबंधावरच देतात हेही तू आधी सांगितलं नाहीस. जुलैपासून तीन वर्षं. वसतिगृहात खोली. खरोखरचं वाचनालय, जिथे पुस्तकांच्या मागे चष्म्यांचे डबे नसतात.

पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन गोल गोल फिरले. मग आईला सांगितलं. तिने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "बाबांना मी सांगू का तू सांगतेस?"

मीच सांगितलं. जेवताना सांगितलं, कारण तेव्हा त्यांच्याजवळ पुसायला चष्मा नसतो.

ते म्हणाले, "नाही."

मी विचारलं, "का?"

"सांगितलं ना, नाही."

ते रागावलेले नव्हते, आत्या. रागावले असते तर मी भांडले असते. ते घास हातात घेऊन बसून राहिले आणि बराच वेळ तो तोंडात घालायला विसरले. आई म्हणाली, "अहो." तर म्हणाले, "या घरातून शिकायला गेलेलं माणूस परत येत नाही." आणि उठले.

तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलतात, काम सांगतात, रविवारी टोळीत बसतात. नवीन कादंबरी त्यांनीच निवडली. पण तुझ्या शेवटच्या पत्राला त्यांनी उत्तर लिहिलेलं नाही. ते फोडलेलंही नाही.

मला जायचंय. फोटोसाठी नाही. तिथे वेल आहे की नाही हेही मी तुला विचारलं नाही, बघ. मला अशा खोलीत बसायचंय जिथे दुसरं कोणीतरी त्याच पुस्तकावर माझ्याइतकंच फणफणलेलं आहे. अशी खोली इथेही आहे म्हणा, आमच्या चटईवर. पण मला आणखी हवी. हे हावरटपणाचं वाटतं का तुला?

बाबांना दुखवून जायचं नाही. काय करू ते सांग.

तुझी भाची


१० जून

प्रिय आत्या,

तुला गाडीत बसवून आत्ताच परतले आणि लगेच लिहायला बसले. म्हणशील, तीन दिवस घरात होते, तेव्हा काय तोंडाला कुलूप होतं? पण एक गोष्ट तोंडी सांगता येण्यासारखी नव्हती. तू न कळवता सरळ दुकानात आलीस त्या दुपारची. तू तिथे होतीस, पण निम्मं तुला दिसलेलं नाही. तुझे डोळे बाबांच्या ताब्यात होते.

तू दार ढकललंस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. मला वाटलं होतं, आत्या म्हणजे लांब कोट, चांदीच्या मुठीची काठी. तुझ्या पायात खेळायचे बूट होते आणि पाठीला शाळकरी मुलांची असते तशी पिशवी. बाबा वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि तशीच ठेवली. तूही दारात उभी. मला वाटलं, आता कोणीतरी ओरडणार.

तू म्हणालीस, "चष्म्याचा नंबर बदललाय. तपासून मिळेल का?"

बाबा म्हणाले, "बसा."

सख्ख्या बहिणीला ‘बसा’. मी मागच्या मागे भिंतीला टेकले.

त्यांनी तुला यंत्रासमोर बसवलं. "हनुवटी इथे टेका. कपाळ पट्टीला लावा. समोर घर दिसेल, त्याच्याकडे बघा." हे ते दिवसातून कितीदा म्हणतात, आणि त्याच आवाजात म्हणाले. तुला ते चिमुकलं घर दिसत होतं. आम्हाला पडद्यावर तुझा डोळा दिसत होता, ताटाएवढा. यंत्र दोनदा ‘टीं’ वाजलं आणि आकडा आला नाही, कारण त्या डोळ्यात पाणी भरायला लागलं होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं की बाबा म्हणतात, ‘डोळे मिटा, पुन्हा उघडा.’ या वेळी ते नुसते पडद्यावरच्या डोळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचा हात यंत्राच्या दांड्यावर होता आणि तो हलत होता, म्हणून मी पुढे होऊन दांडा धरला. आकडा आला तो माझ्या हाताने आला.

मग दिवा मंद करून त्यांनी ती तपासायची जड फ्रेम तुझ्या नाकावर चढवली, डावा डोळा झाकला आणि उजव्यापुढे एकेक काच बदलायला लागले. पुढचं तू ऐकलं आहेस, पण मी ते लिहून ठेवणार, कारण मला ते विसरायचं नाही.

"हे स्पष्ट की हे?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघून सांगा. आता?"

"आता बरं. हिला पाठव."

"खालून तिसरी ओळ वाचा."

"पाठव म्हणते मी. मी येणं टाळलं तशी ती टाळणार नाही. तिला तुमचं दुकान आवडतं. मला कधी आवडलं नव्हतं."

"ओळ वाच आधी."

इथे ‘वाचा’चं ‘वाच’ झालं. तू ते ऐकलंस की नाही मला माहीत नाही, कारण तू धडाधड ओळ म्हणून टाकलीस. बाबा म्हणाले, "हे तू बघून नाही म्हणालीस. शाळेत डोळे तपासायला आले होते तेव्हाही तू तक्ता पाठ करून गेली होतीस, चष्मा लागू नये म्हणून. मला पण पाठ करायला लावला होतास. आणि मला नव्हताच लागत."

"तुझ्यावर सराव केला," तू म्हणालीस.

"तक्ता बदललाय, ताई. हलू नकोस."

आत्या, तू समोरच्या अक्षरांकडे बघत होतीस आणि बाबा तुझ्या बाजूला दोन बोटांत काच धरून उभे होते. तुला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला आरशात दिसत होता. ते हसत होते. ओठ मिटून, अजिबात आवाज न करता, शाळेच्या वर्गात बाई पाठमोऱ्या असताना हसतात तसे. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. काच लावायचीही ते विसरले होते. तू विचारलंस, "बदलली का?" आणि ते "हो" म्हणाले. बदललेली नव्हती. तरी तू म्हणालीस, "हे पहिल्यापेक्षा बरं."

हे तुला सांगायचं होतं. बाकी सगळं तू पाहिलंच आहेस. रविवारी टोळीत तुमच्या दोघांची पुलावरून जुंपली आणि ‘प्राध्यापक’ने न विचारता दोघांनाही केक वाढला, तेही, आणि जेवताना बाबा सहज मीठ मागावं तसं म्हणाले की जुलैत सामान बरंच होईल, मोठी पेटी घ्यावी लागेल, तेही. मी त्या वेळी खरोखरच मीठ त्यांच्यापुढे सरकवलं.

आता तुझ्या चष्म्याचं. तुझ्या काचा मी स्वतः घासणार आहे, फ्रेम बाबांनी निवडली आहे. गोल. मी म्हटलं, "तयार झाला की कुरिअरने पाठवू." बाबा म्हणाले, "चष्मा असा पाठवत नसतात. नाकावर बसवून बघावा लागतो. तिला यावं लागेल."

गेल्याच आठवड्यात त्यांनी दोन गिऱ्हाइकांचे चष्मे कुरिअरने पाठवले. डबे मीच बांधले होते. पण मी मान डोलावली आणि म्हटलं, खरंय, नाकावर बसवूनच बघावा लागतो.

तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ये. चष्मा घेऊन जा, आणि जाताना मलाही.

तुझीच,
भाची